अर्हता-उड्डाणासाठी अग्निबाण-संचाची निवड

अमेरिकेत हौसेखातर अग्निबाण बांधून उडविणाऱ्यांच्या दोन प्रमुख संस्था आहेत : नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री व ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन. उच्चशक्तीच्या मोटरी वापरू इच्छिणाऱ्यास यांपैकी एका संस्थेची अर्हता मिळवावी लागते. अर्हतेच्या तीन पायऱ्या आहेत. प्रस्तुत लेखात पहिल्या पायरीसाठी तयार जुळणी-संच कसा निवडावा, एवढाच विचार केला आहे.

मोटरींचे वर्ग एकूण आवेगावरून इंग्रजी अक्षरांनी दर्शवितात. ‘ए’ वर्गाची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद असून पुढील प्रत्येक अक्षरास ती दुप्पट होते. या हिशेबाने ‘एच’ वर्ग १६० ते ३२० व ‘आय’ वर्ग ३२० ते ६४० न्यूटन-सेकंदांचा होय. पहिल्या पायरीचे उड्डाण या दोहोंपैकी एका वर्गातील मोटरीने करावयाचे असते. अक्षरापुढील अंक सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही परीक्षा उंची गाठण्याची नसून अग्निबाण स्थिरपणे उडवून सुखरूप परत आणण्याची आहे. हवाई छत्री न उघडल्यास, अथवा दुरुस्तीवाचून पुन्हा उडविता न येण्याइतकी मोडतोड झाल्यास उमेदवार अनुत्तीर्ण होतो. म्हणून बारीक, हलका व फार उंच जाणारा संच मोहक वाटला तरी तो टाळावा. छत्रीने सेकंदास ५.५ मीटर वेगाने उतरणारा अग्निबाण ३०० मीटरांवरून सुमारे ५५ सेकंदांत खाली येतो. वारा सेकंदास ४ मीटर असेल तर तो सुमारे २२० मीटर वाहवत जाईल. उंची ९०० मीटर असल्यास हेच अंतर सुमारे ६५० मीटर होते व शोध दुष्कर होतो. सुमारे १० सेंटिमीटर व्यासाची जाड नळी हवेचा रोध वाढवून उंची आवरते. शिवाय ती दुरूनही दिसते.

दुसरा विचार वजनाचा. सरासरी रेटा उड्डाणसमयीच्या वजनाच्या निदान पाचपट असावा, असा व्यवहारातील संकेत आहे. मोटरीसह १.५ किलोग्रॅम वस्तुमानाच्या अग्निबाणाचे वजन सुमारे १४.७ न्यूटन, म्हणजे ७४ न्यूटन रेटा हवा. ‘एच १२८’ मोटर ही गरज सहज भागविते.

तिसरा विचार स्थैर्याचा. गुरुत्वमध्य हा दाबकेंद्राच्या पुढे, नळीच्या व्यासाच्या एक ते दोन पट अंतरावर असावा. दाबकेंद्र काढण्याची सुलभ रीत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये हौशी मंडळींपुढे मांडली. संचाच्या पत्रकातील आकड्यावर विसंबू नये. मोटर, छत्री व रंग यांसह पूर्ण झालेला अग्निबाण दोरीवर तोलून गुरुत्वमध्य स्वतः पाहावा.

बांधणीत प्लायवुडचे पंख नळीच्या भिंतीतून आत जाऊन मोटरीच्या नळीस चिकटणारे असावेत. जमिनीवर आदळताना असे पंख सहसा निखळत नाहीत. मोटर विझल्यानंतर छत्री बाहेर फेकणाऱ्या स्फोटक भाराचा विलंबही शिखरबिंदूशी जुळला पाहिजे. तो चुकल्यास अग्निबाण वेगात असतानाच छत्री उघडते व तिची दोरी नळी उभी चिरते.

छत्री मुळीच उघडली नाही, तर हवेचा रोध वगळता ३०० मीटरांवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदास सुमारे ७७ मीटर होतो. मैदानावर माणसे उभी असतात, हे स्मरून निवड करणे हीच या अर्हतेची खरी पूर्वतयारी होय.