जुनी वाईन आणि साखरेची गोळी

परवा साताऱ्यातले एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. "डॉक्टर, सांगलीच्या व्याह्यांनी दहा वर्षे जुनी रेड वाईन आणलीय. चव घेऊ का? हृदयाला चांगली म्हणतात."

तासगावची बिनबियांची द्राक्षे आपण खातो, त्यांचा बेदाणा करतो. रेड वाईनची शिराझ, काबर्ने ही काळी, बियांची द्राक्षे. ती सालीसकट आंबवतात. साल-बियांतल्या टॅनिनमुळे तोंडाला मिठी बसते. जुनी झाली की तुरटपणा मऊ होतो, तळाशी गाळ बसतो. गाळाने अपाय नाही. मद्यार्क मात्र जुनेपणाने कमी होत नाही. शेकडा 13 मद्यार्काच्या वाईनचा 150 मिलिलिटरचा पेला म्हणजे व्हिस्कीचे दीड छोटे पेग! हृदयासाठी प्यावी, असे आता कोणी डॉक्टर सांगणार नाही; मद्याचे निर्धोक प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट केले आहे.

गुरुजी मधुमेहासाठी ग्लिमेपिराईड घेतात. त्यावर मद्य, तेही रिकाम्या पोटी, घेतले तर साखर फार उतरू शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे. घरच्यांना वाटते, चढली, झोपू देतात. घात तिथेच होतो. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचे पाणी पाजावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

"मग नुसता वास घेतो," गुरुजी म्हणाले.

त्याला माझी हरकत नव्हती.