राडारोडा : कुठे चालतो, कुठे नाही?

२०१८मध्ये नारेगावचा कचरा डेपो बंद झाल्यावर छत्रपती संभाजीनगरने कचरा प्रक्रियेसाठी जी ठिकाणे निवडली, त्यांत पडेगाव होते. अशा केंद्रांत ओल्या कचऱ्याचे खत होते. पाडकामाच्या राडारोड्याची वाट मात्र वेगळी.

■ वर्गवारी : २०१६च्या केंद्रीय नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन राडारोडा निर्माण करणाऱ्यांनी काँक्रीट, माती, विटा-मसाला, तसेच लोखंड, लाकूड व प्लॅस्टिक जागेवरच वेगळे करायचे होते.

■ प्रक्रिया : लोखंड काढून तुकडे क्रशरमध्ये दळतात, चाळतात, धुतात. त्यातून गिट्टी व वाळू मिळते.

■ मर्यादा (भारतीय मानक आयएस ३८३ : २०१६) : जुन्या काँक्रीटची गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, आरसीसीत एम-२५ प्रतीपर्यंत २० टक्के, तर पायाखालच्या थरासारख्या कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के चालते. विटामिश्रित गिट्टी फक्त या शेवटच्या प्रकारात.

■ काळजी : गिट्टीला चिकटलेला जुना मसाला पाणी शोषतो, ती आधी भिजवावी. पीओपी मिसळू देऊ नये, त्यातील सल्फेट काँक्रीट कमकुवत करते.

■ घरमालकांसाठी : जुनी चौकट, दारे, शाबूत विटा आधी उतरवा. थेट पुनर्वापरात दळण्याचा खर्चही वाचतो.