डॉक्टरांनाही प्रश्न पडतात

पाऊस सुरू झाला की आमच्या अंबरनाथला मुलांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. तासभर ताटकळल्यावर आत मिळतात जेमतेम पाच मिनिटं. त्यात आपण काय सांगतो? "डॉक्टर, सर्दी-खोकला आहे, रात्रभर झोपला नाही, चांगलं स्ट्राँग औषध द्या."

वस्तीतल्या आयांबरोबर मी नेहमी दवाखान्यात जाते. मैत्रिणींनो, त्या पाच मिनिटांत डॉक्टरांनाही प्रश्न पडलेले असतात बरं का! ही साधी सर्दी की न्यूमोनिया? अँटिबायोटिक द्यावं की दोन दिवस थांबावं? साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. न्यूमोनियात मात्र थांबून चालत नाही.

याचं उत्तर बरंचसं बाळाच्या श्वासात असतं, आणि ते आपण घरी मोजू शकतो. बाळ शांत असताना कपडा वर करून पोट-छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. दोन महिन्यांच्या आत ६०, त्यापुढे वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे आणि आकडा सांगायचा. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, सुस्त पडलं असेल, तर मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल.

"आम्हाला कुठं जमतंय" म्हणू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या कार्यकर्त्यांना, सुईणींनासुद्धा हे शिकवलं. मोजता न येणाऱ्यांसाठी मण्यांचं साधं साधन केलं. गावातच औषध मिळाल्यानं बालमृत्यू घटले. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला.

दुसरा प्रश्न डोसाचा. तो वजनावर ठरतो, म्हणून वजनाचं कार्ड सोबत हवंच. तापाच्या औषधाच्या थेंबांत साधारणपणे १ मिलीला १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, तर साध्या सिरपच्या ५ मिलीत सुमारे १२५. शेजारणीच्या बाटलीचं माप आपल्या बाटलीला लावलं की घोटाळा झालाच!

राहिलं खोकल्याचं औषध. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची मुलं विषारी रसायन मिसळलेल्या सिरपनं किडन्या निकामी होऊन दगावली. काहींवर नागपुरात उपचार चालले होते. त्या ऑक्टोबरात केंद्रानं बजावलं, दोन वर्षांखाली खोकल्याचं सिरप नको आणि पाच वर्षांखालीही शक्यतो टाळा. तरी बाटली लिहून न देणाऱ्या डॉक्टरांच्या "हाताला गुण नाही" असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. वस्तीतल्या एका आजींना हे पटवायला मला दोन दुपारी लागल्या.