उड्या मारणाऱ्यांचा गुडघा का दुखतो?

खो-खोत चौकात बसलेल्या खेळाडूकडे एकदा नीट बघा. 'खो' मिळाला की तो बसल्या जागेवरून एकदम झेपावतो. त्या क्षणी मांडीच्या पुढच्या स्नायूंची सगळी ओढ वाटीखालच्या एका जाड पट्ट्यातून नडगीच्या हाडावर जाते. गुडघ्याच्या वाटीखाली बोट दाबून पाहा. दोरीसारखं घट्ट लागतं ना? तीच ही कंडरा. व्हॉलीबॉल आणि लांब उडीवाल्यांना तिचा त्रास फार, म्हणून या दुखण्याचं नावच पडलं 'जंपर्स नी'.

दुखणं वाटीच्या खालच्या टोकाशी असतं, एका बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागी. सराव सुरू करताना दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पुन्हा ठणकतं. इथेच फसगत होते! "खेळताना तर दुखत नाही सर," म्हणत मुलं खेळतच राहतात.

मग महिनाभर झोपून राहायचं का? नाही. कंडरा भार मिळाला तरच मजबूत राहते. नुसत्या विश्रांतीने दुखणं थांबतं, पण कंडरा कमकुवत होते आणि मैदानात उतरल्यावर पुन्हा तेच. तेल चोळूनही बरं वाटतं, ताकद येत नाही. म्हणून उड्या आणि वेगाची धाव कमी करा, पण पायांना काम द्या. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखं 30 ते 45 सेकंद थांबा. एक-दोन मिनिटं विसावा घेत असं 4-5 वेळा. पुढे वजन घेऊन सावकाश बैठका, एक दिवसाआड. उड्या सगळ्यात शेवटी.

व्यायाम करताना 10 पैकी 3 इतकं दुखलं तर चालतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. दुखणं वाढलेलं असेल तर कालचा भार जास्त झाला, तो कमी करा. बरं व्हायला 3 महिने, कधी त्याहून जास्त लागतात. 2008 चा विजेता राफाएल नदाललासुद्धा गुडघ्यांच्या कंडरांमुळे 2009 चं विम्बल्डन सोडावं लागलं होतं!

वाढीच्या वयात वाटीऐवजी खाली नडगीच्या उंचवट्यावर दुखत असेल, तर तो बहुधा ऑसगुड-श्लॅटर हा वेगळा त्रास असतो. गुडघा सुजला, अडकला, किंवा उडी मारताना 'कट्' आवाज होऊन पाय सरळच होईना, तर मात्र व्यायाम वगैरे काही नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.