स्थिर पाण्यातील प्रतिबिंबांचे छायाचित्रण

अपुरा आरसा
पाण्यावर सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्केच परावर्तित होतो. उरलेला आत शिरतो आणि उथळ पाण्याचा तळ दाखवतो. किरण पृष्ठभागाशी १० अंशांचा कोन करत तिरपे आले, की परावर्तन ३५ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणूनच या छंदात महागड्या लेन्सपेक्षा कॅमेऱ्याची उंची अधिक निर्णायक ठरते.

उलटे, पण तेच नव्हे
प्रतिबिंब ही दृश्याची तंतोतंत उलटी प्रत नसते. कॅमेरा पाण्याच्या जेवढा वर, तेवढाच खाली असता तर त्याला जे दिसले असते, ते प्रतिबिंबात उमटते. त्यामुळे पुलाच्या कमानीचा तळभाग पाण्यात अधिक दिसतो आणि काठावरच्या झाडामागून डोकावणारा डोंगर प्रतिबिंबात झाडाआड जातो. कॅमेरा पाण्याजवळ आणला, की हा फरक कमी होत जातो.

फोकस आणि उजेड
प्रतिबिंब पृष्ठभागावर चिकटलेले नसते. तरंगत्या पानावर फोकस साधला, तर पाण्यातले दूरचे शिखर अस्पष्ट होऊ शकते. मोजायचे ते शिखरापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून कॅमेऱ्यापर्यंतचे एकूण अंतर. प्रतिबिंब मूळ दृश्याहून गडद असते. पाण्यातले आकाश खऱ्या आकाशाहून उजळ आले, तर फिल्टरचा किंवा संपादनाचा अतिरेक झाला असे खुशाल समजावे.

पोलरायझर
पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात परावर्तित होणारा प्रकाश पूर्णतः ध्रुवित असतो. पोलरायझर फिल्टर योग्य दिशेने फिरवला, की तिथले प्रतिबिंब जवळजवळ पुसले जाते. मासे टिपायला हे सोयीचे. या छंदात मात्र फिल्टर बहुधा पिशवीतच बरा.

वारा आणि जागा
बारीक तरंगांनी प्रतिबिंब उभे ताणले जाते, म्हणून पहाटेची निवांत वेळ उत्तम. दीर्घ एक्स्पोजरने तरंग गुळगुळीत होतात, पण हरवलेले बारकावे परत येत नाहीत. भंडारदऱ्यासारख्या विस्तीर्ण जलाशयावर वाऱ्याला मोकळे रान मिळते. त्या मानाने मुंबईतल्या बाणगंगेसारखी पायऱ्यांची तळी सोयीची: बांधीव काठ वारा काहीसा अडवतो आणि पायऱ्यांमुळे कॅमेरा पाण्यालगत नेता येतो. पाणी गढूळ असेल तर मातीचे कण प्रकाश विखुरतात, प्रतिबिंबातला काळा रंग फिकटतो. खोलीचा मात्र फारसा संबंध नाही. पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या काळ्या कातळावर साचलेले बोटभर पाणीही अख्खा सुळका दाखवू शकते.