मुलांनी घडविलेली वाट

मावळ तालुक्यातील बेडसे येथील चैत्यगृह इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात डोंगराच्या पोटात कोरले गेले. त्याच्या ओसरीतील उंच अष्टकोनी स्तंभांच्या माथ्यावर घोडे, हत्ती व बैल बसलेले असून त्यांच्या पाठीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. येथेच एक छोटा ब्राह्मी लेख आहे. नाशिकच्या आनंद श्रेष्ठींचा पुत्र पुष्यणक याचे हे दान, एवढाच त्याचा आशय. श्रेष्ठी म्हणजे शेठ. दोन हजार वर्षांपूर्वी एका व्यापारी घराण्यातील मुलाने नाशिकहून इतक्या दूरच्या डोंगरातील कामाला हातभार लावला आणि मोजक्या शब्दांत आपले नाव नोंदविले. छिन्नी मात्र कारागिरांच्या हातात राहिली.

धन देणारा हात आणि घडविणारा हात यांचे हे नाते आज शाळांना देणगी देणाऱ्या कुटुंबांनी विचारात घेण्याजोगे आहे. वडीलधाऱ्यांच्या पुण्यतिथीनिमित्त वा पेढीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपण खेड्यातील शाळेला काही ना काही देतोच. अलीकडे मैदानात बसविण्याची लोखंडी व्यायामसाधने देण्याची पद्धत रूढ झाली आहे. गाडी येते, साधने बसविली जातात, फीत कापली जाते, फलक लागतो. हेतू उत्तम असतो. पण या सर्व व्यवहारात मुले कोठे असतात? ती टाळ्या वाजवीत बाजूला उभी असतात. त्याच रकमेत मुलांच्या हातून काही घडविता आले, तर त्या दानाचे फळ अनेक पटींनी वाढेल. यासाठी शाळेच्या आवारात मुलांनीच आखलेली, रंगविलेली आणि वापरलेली कलेची व व्यायामाची वाट हा एक सुंदर मार्ग आहे.

अशा वाटेची कल्पना साधी आहे. आवाराच्या कडेने एक फेरी आखायची, तिच्यावर ठरावीक अंतराने थांबे ठेवायचे आणि प्रत्येक थांब्यावर शरीराची एक हालचाल करायची. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर यांनी चालणे, धावणे, उडी, चढणे, तोल सांभाळणे, उचलणे, फेकणे अशा नैसर्गिक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती मांडली. पुढे १९६८ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे जंगलातून जाणारी पहिली ‘व्हिटा पारकूर’ वाट खुली झाली. तिला आर्थिक पाठबळ ‘व्हिटा’ या आयुर्विमा कंपनीने दिले होते. लोक निरोगी राहिले तर विम्याचा व्यवसायही निरोगी राहतो, हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्याला सहज पटावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दमविणारी हालचाल आवश्यक आहे. शहरातील आपल्या मुलांना तेवढी मिळते का, याचे उत्तर प्रत्येक घराने स्वतःशीच द्यावे.

परंतु वाट मुलांनीच का घडवावी? याचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्यात सापडते. कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेल्या, तरुणपणी कुस्तीचा शौक असलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे त्यांनी संस्थेच्या व्यवहारात उतरविले. वसतिगृहातील मुले शेतात राबत, स्वतःची कामे स्वतः करीत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्याचा कणा ठरली. ज्या जमिनीवर आपला घाम सांडला ती जमीन मूल परकी मानत नाही. जी भिंत आपण रंगविली तिच्यावर कोणी रेघोट्या ओढल्या तर आपणच पुढे होऊन थांबवितो. ही आपुलकी तयार साधनांबरोबर गाडीतून उतरत नाही.

बेडसे परिसरातील एखाद्या शाळेत असे काम करायचे झाल्यास त्याचा आरंभ गणिताच्या तासाला व्हावा. मुलांनी दोरीने आवार मोजावे, पावले मोजावीत, झाडे, उतार आणि पावसाचे पाणी साचणाऱ्या जागा कागदावर मांडाव्यात. या नकाशावरच वाट ठरावी. मग चित्रकलेच्या तासाला थांब्यांचा विचार व्हावा. येथे एक सूत्र उपयोगी पडेल : चित्रानेच व्यायाम सांगावा. हत्तीचे चित्र असेल तेथे हात-पाय टेकून संथ, जड चाल; बेडकाचे असेल तेथे उड्या; बगळ्याचे असेल तेथे एका पायावर तोल. सूचना वाचण्याची गरजच उरत नाही आणि पहिलीतले मूलही वाट समजू शकते. घोडा, हत्ती, बैल हे प्राणी तर बेडशाच्या स्तंभांवरच आहेत. मुलांनी लेण्यांना भेट द्यावी, पायऱ्या चढाव्यात, वहीत रेखाटने करावीत आणि तीच आकृती आपल्या भिंतीवर आपल्या हाताने उतरवावी. मात्र लेणी हे संरक्षित स्मारक आहे. तेथील दगडावर खडूची एक रेघही ओढायची नाही, हा पाठही त्याच सहलीत द्यावा.

आपले जुने खेळ या वाटेला आयतेच थांबे पुरवितात. लंगडीचे रिंगण, ठिकरीची घरे, लगोरीचा ओटा, दोरीउड्यांचे वर्तुळ यांना चुना आणि गेरू एवढे साहित्य पुरते. आपल्या परंपरेतील ज्ञानबाजी तर या कामासाठी फारच सोयीची आहे. पर्युषणात घराघरांतून खेळल्या जाणाऱ्या या पटावर बहुधा ८४ घरे असतात. सद्गुणांच्या शिड्या वर नेतात आणि दुर्गुणांचे साप खाली आणतात. मराठी घरांत त्याचाच भाऊबंद मोक्षपट या नावाने ओळखला जातो. हा पट फरशीवर मोठा रेखला आणि सोंगटीच्या जागी मुलेच उभी राहिली, तर शिडीला उड्या मारीत जायचे आणि सापाला बैठका काढीत परतायचे, असा खेळ तयार होतो. कोणता गुण शिडीच्या पायाशी लिहावा आणि कोणता दोष सापाच्या तोंडी द्यावा, यावर वर्गात होणारी चर्चा हाच त्या दिवसाचा उत्तम पाठ ठरेल.

साहित्य निवडताना जयणा पाळणे कठीण नाही. काही कुंचले प्राण्यांच्या केसांचे असतात. त्याऐवजी नायलॉनचे वा नारळाच्या काथ्याचे घ्यावेत. रंगात मिसळण्यासाठी सरसाऐवजी झाडाचा डिंक वापरावा. तयार रंग विकत घ्यायचा असेल तर तो शिसेविरहित असावा. झाडाला खिळा ठोकू नये. पाटी टांगायची तर सैल दोरीने टांगावी. खोदण्यापूर्वी त्या जागी मुंग्यांचे वारूळ वा पक्ष्यांची घरटी नाहीत ना, हे मुलांनीच पाहावे. आणि खोदकाम पावसाळ्यात नकोच. हा नियम जीवदयेला धरून आहे, तसाच मावळच्या मुसळधार पावसात उपयोगाचाही आहे. येथील काळा दगड शेवाळाने निसरडा होतो, म्हणून पावसाळ्यात उड्यांचे व तोलाचे थांबे बंद ठेवणेच शहाणपणाचे.

सर्वच कामे मुलांवर सोपवावीत असा याचा अर्थ नव्हे. ज्यावर मुलाचा भार लटकणार आहे, असा लोखंडी दांडा वा मल्लखांब जाणत्या कारागिराकडूनच पक्का रोवून घ्यावा. तोलाचा ओंडका जमिनीपासून वीतभरापेक्षा उंच नसावा, उडीच्या जागी मऊ वाळू असावी. जागेचा आणि देखभालीचा निर्णय मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत व्हावा, कारण पाहुणे देणगीदार परत गेल्यावर ती वाट गावालाच सांभाळायची असते. फेरी संपते तेथे पिण्याच्या पाण्याची सोय हवी. बेडशालाच पाण्याच्या टाक्यासाठी महारठी घराण्यातील सामडिनिका या स्त्रीने दान दिल्याचा लेख आहे. मावळातीलच पाले येथे अरिहंतांना नमन करून सुरू होणारा प्राचीन लेख लेण्याबरोबर टाक्याचाही उल्लेख करतो. थकून आलेल्याला पाणी मिळावे, ही दृष्टी या भूमीत जुनी आहे.

वाटेचा शेवटचा थांबा शांततेचा ठेवावा. झाडाखाली एक ओटा. तेथे दोन मिनिटे स्थिर उभे राहून ऐकू येणारे आवाज मोजायचे. धावण्याइतकेच स्थिर राहणेही शरीराला शिकवावे लागते.

चुन्या-गेरूची चित्रे एका पावसाळ्यात फिकी होतील. देणगीदाराला ही उणीव वाटू शकेल. पण शाळेच्या दृष्टीने तीच सोय आहे. दिवाळीपूर्वी दरवर्षी नव्या वर्गाने आपली चित्रे काढावीत, वरच्या वर्गाने धाकट्यांना रंग कालवायला शिकवावे. तयार यंत्र पहिल्या दिवशी सर्वांत नवे असते आणि पुढे जुनेच होत जाते. ही वाट मात्र दरवर्षी कोणाची तरी पहिली निर्मिती असेल.

मग आपल्या कुटुंबांनी काय करावे? चुना, रंग, कुंचले, वाळू, फावडी, कारागिराची मजुरी आणि पाण्याची टाकी एवढे द्यावे. आणि पुढील पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम एकदम न देता दरवर्षी स्वतः जाऊन द्यावी. जाताना घरातील मुलांना बरोबर न्यावे आणि एक दिवस गावच्या मुलांच्या हाताखाली काम करू द्यावे. पेढीवर ज्याला उद्या माणसे सांभाळायची आहेत, त्याने आज कोणाकडून तरी चुना कालवायला शिकणे उपकारकच ठरेल. आपल्याकडे स्वतः करणे, करविणे आणि अनुमोदन देणे असे कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. शाळेच्या या कामात करणे मुलांसाठी राखून ठेवावे, करविणे शिक्षकांकडे द्यावे आणि अनुमोदनाचा आनंद आपण घ्यावा. फलक हवाच असेल तर तो आनंद श्रेष्ठींच्या पुत्राच्या लेखाएवढा लहान असावा आणि त्यावरील अक्षरे शाळेतील एखाद्या मुलीने रंगविलेली असावीत.