पहिल्या दिवसाचा निकाल : बेसबॉलचा नवा मॅनेजर आणि त्याचे चाहते

३ नोव्हेंबर १९९५ रोजी न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या दैनिकाने एका पंचावन्न वर्षांच्या माणसाचे स्वागत 'क्लूलेस जो' या दोन शब्दांनी केले. ज्याला कशाचाच पत्ता नाही असा जो. शूलेस जो जॅक्सन हा बेसबॉलचा जुना, १९१९च्या वर्ल्ड सिरीजमधील सट्टेबाजीच्या प्रकरणात बदनाम झालेला खेळाडू. त्याच्या नावावर केलेली ही कोटी होती. आदल्या दिवशी न्यूयॉर्क यांकीज संघाने जो टोरी यांना मॅनेजर नेमले होते. पुढच्या पाच वर्षांत टोरींच्या संघाने चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या, २०१४ मध्ये टोरी हॉल ऑफ फेममध्ये गेले, आणि तो मथळा अमेरिकी क्रीडा पत्रकारितेतील सर्वात फसलेल्या भाकितांपैकी एक म्हणून सांगितला जाऊ लागला.

मला या गोष्टीचा उत्तरार्ध फारसा खुणावत नाही. भाकिते फसतातच. प्रश्न असा पडतो, की ज्या माणसाने यांकीजसाठी अजून एक सामनाही हाताळला नव्हता, त्याच्याविषयी एका शहराचे मत एका रात्रीत पक्के कसे झाले? मी क्रिकेटवर पोसलेला माणूस. बेसबॉल उशिरा, पुस्तकांतून आणि जुन्या धावफलकांवरून शिकलो. नियम कळले, आकडे कळले, पण चाहत्यांचा हा पहिल्या दिवसाचा निकाल कळायला सर्वात जास्त वेळ लागला. गेल्या शंभरेक वर्षांतील काही नेमणुका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर जे हाती आले, ते इथे मांडतो.

मॅनेजर म्हणजे कोण?

आपल्याकडे संघाचा मॅनेजर म्हटले की अजित वाडेकर आठवतात. १९९०च्या दशकात ते भारतीय संघाचे क्रिकेट मॅनेजर होते. पण सामना सुरू झाला की गोलंदाज कोण बदलणार, क्षेत्ररक्षण कसे लावणार, हे अझरुद्दीन ठरवत असे. क्रिकेटमध्ये मैदानावरची सत्ता कर्णधाराची. बेसबॉलमध्ये ती मैदानाच्या कडेला, डगआउटमध्ये बसलेल्या मॅनेजरची असते. फलंदाजीचा क्रम तो लावतो. पिचर दमला असे वाटले की तो स्वतः मैदानात चालत जाऊन त्याच्या हातातला चेंडू काढून घेतो. पंचांशी भांडायचे काम त्याचे, आणि त्यापायी मैदानाबाहेर हाकलले जाण्याचा मानही त्याचाच.

या पदाची एक गंमत म्हणजे साठी-सत्तरीचा मॅनेजरही खेळाडूंसारखाच गणवेश घालतो. पूर्वी संघाचा कर्णधारच मॅनेजर असे, त्या काळाची ही खूण. अपवाद कॉनी मॅक यांचा. १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षे त्यांनी फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स हा संघ सांभाळला, तोही सूट-टाय घालून. आणखी एक घोटाळा टाळायला हवा. 'जनरल मॅनेजर' हा वेगळा माणूस. तो कचेरीत बसून खेळाडूंची खरेदी-विक्री करतो. आज आकडेशास्त्राच्या जमान्यात डगआउटमधले बरेच निर्णयही कचेरीतून आलेल्या माहितीवर बेतलेले असतात.

हंगाम १६२ सामन्यांचा. मॅनेजरमुळे त्यातले किती सामने जिंकले आणि किती खेळाडूंच्या गुणवत्तेमुळे, हे वेगळे काढणे संख्याशास्त्रज्ञांनाही नीट जमलेले नाही. मग ज्याचा वाटा मोजता येत नाही, त्याच्या नेमणुकीवर एवढे रण का माजावे? कारण तोच रोज दिसतो. मालक काचेआड बसतो, जनरल मॅनेजर कचेरीत. चाहत्याला आपला राग किंवा आशा ठेवायला एक चेहरा लागतो, आणि तो डगआउटमध्ये मिळतो.

गेलेल्याचे सुतक

आता १९९५ कडे परत जाऊ. टोरींविरुद्ध कागदोपत्री पुरावा होता. मेट्स, ब्रेव्हज आणि कार्डिनल्स अशा तीन संघांनी त्यांना मॅनेजर म्हणून काढले होते. ८९४ विजय आणि १००३ पराभव, हा त्यांचा हिशेब. खेळाडू आणि मॅनेजर मिळून चार हजारांहून अधिक सामने त्यांच्या नावावर होते, पण वर्ल्ड सिरीजचा एकही नव्हता.

तरीही त्या दिवशीच्या रागाचे मूळ टोरींमध्ये नव्हते, ते बक शोवॉल्टर यांच्यात होते. शोवॉल्टर १९९२ पासून मॅनेजर होते. त्यांच्या हाताखाली यांकीज १९९४ मध्ये अमेरिकन लीगमध्ये अव्वल होते, पण ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. १९९५ मध्ये संघ चौदा वर्षांनी प्लेऑफमध्ये पोहोचला आणि सिएटलविरुद्ध पहिले दोन सामने जिंकून पुढचे तिन्ही हरला. त्याबरोबर डॉन मॅटिंगलीची कारकीर्द संपली. मॅटिंगली हा त्या काळच्या यांकीज चाहत्यांचा लाडका. यांकीज १९८१ मध्ये वर्ल्ड सिरीज खेळले, तो १९८२ मध्ये आला. तो १९९५ मध्ये थांबला, यांकीज १९९६ मध्ये पुन्हा वर्ल्ड सिरीज खेळले. असे नशीब एखाद्याच्याच वाट्याला येते.

म्हणजे त्या नोव्हेंबरमध्ये घरात सुतक होते. त्यात मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर. त्यांनी १९७३ मध्ये संघ घेतल्यापासून तेवीस हंगामांत वीस वेळा मॅनेजर बदलले होते. एकट्या बिली मार्टिन यांना पाचदा नेमले आणि पाचदा घालवले. घडी बसत आलेला संघ मालकाने पुन्हा विस्कटला, असे चाहत्यांना वाटले. 'क्लूलेस जो' या मथळ्याचा रोखही टोरींच्या बुद्धीपेक्षा, आपण कोणाच्या घरात पाऊल टाकतो आहोत याची त्यांना कल्पना नाही, याकडेच अधिक होता. टोरींविषयीचा अंदाज साफ चुकला. मालकाविषयीचा अनुभव मात्र बावीस वर्षांचा आणि खरा होता.

१९९६ च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटाविरुद्ध पहिले दोन सामने हरून यांकीजनी पुढचे चार जिंकले. शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी टोरींचे थोरले भाऊ फ्रँक यांच्यावर हृदयरोपणाची शस्त्रक्रिया झाली होती. सगळे शहर त्यांच्या तब्येतीची चौकशी करत होते. मॅनेजर तोवर घरचा झाला होता.

विदूषकाची नेमणूक

याच संघात असाच प्रसंग सत्तेचाळीस वर्षे आधी घडला होता. ऑक्टोबर १९४८ मध्ये यांकीजनी केसी स्टेंगल यांना आणले. स्टेंगल म्हणजे बेसबॉलमधला विदूषक, अशी त्यांची ख्याती. खेळाडू असताना ब्रुकलिनच्या प्रेक्षकांनी हुर्यो केली, तेव्हा त्यांनी टोपी काढून अभिवादन केले आणि टोपीखालून चिमणी उडाली, ही कथा सर्वांना पाठ होती. ब्रुकलिन आणि बोस्टन येथे नऊ हंगाम मॅनेजर असताना त्यांचा संघ आठांत पाचव्या क्रमांकाच्या वर कधीच गेला नव्हता. बोस्टनमध्ये १९४३ साली त्यांना एका मोटारीने धडक दिली आणि पाय मोडला, तेव्हा तिथल्या एका स्तंभलेखकाने त्या चालकालाच बोस्टन बेसबॉलचा उपकारकर्ता ठरवले होते.

इथेही पहिल्या दिवसाच्या नाराजीखाली दुसरा माणूस होता. आधीचे मॅनेजर बकी हॅरिस यांनी १९४७ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली होती. १९४८ मध्ये संघ तिसरा आला आणि त्यांना निरोप मिळाला. जिंकणाऱ्याला काढून विदूषक आणला, असा हिशेब लोकांनी मांडला. स्टेंगल यांनी १९४९ ते १९५३ अशा सलग पाच वर्ल्ड सिरीज जिंकल्या. १९६० मध्ये त्यांनाही वयाच्या सत्तरीचे कारण देऊन घालवले. तेव्हा लोक चिडले ते त्याच विदूषकासाठी.

आनंदाचा पहिला दिवस

पहिला दिवस नेहमी कडूच असतो असे नाही. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी क्लीव्हलंडने फ्रँक रॉबिन्सन यांना खेळाडू-मॅनेजर नेमले. मेजर लीगमधले ते पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर. जॅकी रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये वर्णबंदी मोडली, त्यानंतर डगआउटची खुर्ची मिळायला सत्तावीस वर्षे लागली होती. ऑक्टोबर १९७२ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या वेळी झालेल्या सत्कारात जॅकींनी कृष्णवर्णीय मॅनेजर पाहण्याची इच्छा जाहीरपणे बोलून दाखवली आणि नऊ दिवसांनी ते वारले.

८ एप्रिल १९७५ रोजी, कडाक्याच्या थंडीत, क्लीव्हलंडच्या मैदानावर ५६ हजारांहून अधिक लोक आले. जॅकींच्या पत्नी रेचेल यांनी पहिला चेंडू टाकला. फ्रँक रॉबिन्सन यांनी त्या दिवशी फलंदाजांच्या यादीत स्वतःचे नाव घातले होते. पहिल्याच वेळी त्यांनी होम रन मारला आणि संघ यांकीजविरुद्ध ५-३ असा जिंकला. ही गर्दी कोणासाठी होती? रॉबिन्सन यांचे डावपेच तोवर कोणी पाहिलेच नव्हते. लोक एक थकलेली बाकी फिटताना पाहायला आले होते. १९७७ च्या जूनमध्ये संघाने त्यांना काढले. पण पहिल्या दिवसाचे मोल त्याने कमी होत नाही, कारण तो दिवस निकालांच्या खात्यातला नव्हताच.

घर सोडून गेलेला मुलगा

या सगळ्यांत मला सर्वाधिक विचार करायला लावणारे प्रकरण मिलवॉकीचे आहे. क्रेग काउन्सेल तिथल्या व्हाइटफिश बे या उपनगरात वाढले. वडील मिलवॉकी ब्रूअर्स संघाच्या नोकरीत, मुलगा पुढे त्याच संघाकडून खेळला आणि २०१५ पासून त्याचा मॅनेजर झाला. ७०७ सामने जिंकून त्यांनी संघाच्या इतिहासात विक्रम केला. गावात त्यांच्या नावाचे मैदान आहे. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी बातमी आली, की काउन्सेल शिकागो कब्जकडे चालले. पाच वर्षे, ४ कोटी डॉलर्सहून अधिक मोबदला. मॅनेजरला तोवर एवढी रक्कम कोणी दिली नव्हती. लवकरच त्या मैदानाच्या पाटीवर कोणीतरी रंगाने शिवी लिहिली.

शिकागो मिलवॉकीपासून सुमारे दीडशे किलोमीटर. मोठे, श्रीमंत, हिणवणारे शेजारी शहर. पण एवढ्याने ती पाटी समजत नाही. मिलवॉकीला पूर्वी ब्रेव्हज नावाचा संघ होता. त्याने १९५७ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि १९६५ च्या हंगामानंतर मालकांनी तो अटलांटाला हलवला. चार वर्षे शहर संघाविना राहिले. १९७० मध्ये सिएटलचा दिवाळखोर संघ विकत घेऊन बड सीलिग यांनी ब्रूअर्स उभे केले. अमेरिकेत संघ ही मालकाची खासगी मिळकत असते. तो उचलून दुसऱ्या गावी नेता येतो. दुधाने तोंड पोळलेल्या या शहराला काउन्सेल यांचे जाणे म्हणजे जुनीच भाजणी पुन्हा वाटली. ज्याला आपण घरचा म्हणत होतो, तोही जास्त पैसे दिसताच गेला.

त्यांच्या जागी पॅट मर्फी आले. काउन्सेल यांचे कॉलेजातले प्रशिक्षक आणि नंतरचे सहायक. कोणी ढोल वाजवले नाहीत, कोणी शिव्या दिल्या नाहीत. मर्फींच्या संघाने २०२४ मध्ये ९३ सामने जिंकून गट जिंकला. कब्ज प्लेऑफपर्यंतही पोहोचले नाहीत. २०२५ मध्ये दोघे प्लेऑफमध्ये समोरासमोर आले आणि ब्रूअर्सनी मालिका ३-२ अशी घेतली.

जेव्हा भीती खरी ठरते

चाहते दर वेळी चुकतात, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. त्याला उतारा म्हणून शिकागोचाच दुसरा संघ, व्हाइट सॉक्स, पाहावा. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी शहात्तर वर्षांच्या टोनी ला रूसा यांना नेमले. हॉल ऑफ फेममधले नाव, पण २०११ नंतर मॅनेजरपदाचा अनुभव नाही. याच संघाने १९८६ मध्ये त्यांना काढले होते, आणि ती आपली मोठी चूक होती, असे मालक जेरी राइन्सडॉर्फ वर्षानुवर्षे म्हणत आले होते. तरुण, उसळता संघ मालकाने जुने प्रायश्चित्त घेण्यासाठी वापरला, अशी चाहत्यांची तक्रार होती.

२०२१ मध्ये संघाने गट जिंकला. पण जून २०२२ मध्ये दोन स्ट्राइक झालेल्या, म्हणजे बाद व्हायला एकच चेंडू उरलेल्या फलंदाजाला ला रूसा यांनी मुद्दाम फुकट बेस दिला. पुढच्याने होम रन मारून तीन धावा काढल्या. त्याच महिन्यात स्वतःच्याच मैदानावर त्यांना काढा, अशा घोषणा झाल्या. प्रकृतीच्या कारणाने त्यांनी त्या हंगामात पद सोडले.

निकालाचा अर्थ

ही पाच प्रकरणे एकत्र ठेवली की एक गोष्ट स्वच्छ दिसते. पहिल्या दिवशी चाहते नव्या माणसाविषयी बोलतात, पण निकाल जुन्या व्यवहाराचा देतात. टोरी आणि स्टेंगल यांच्याबाबत तो चुकला, ला रूसांबाबत बरोबर ठरला, आणि तिन्ही ठिकाणी तक्रार एकच होती : मालकाने आम्हाला न विचारता आमचे घर हलवले. नव्या माणसाला चाहते ओळखत नसतात, म्हणून त्याच्याविषयी ते कधी चुकतात, कधी बरोबर येतात. घराला मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, म्हणून घराविषयी क्वचित चुकतात.

चाहत्याकडे मत नाही, समभाग नाही. तिकीट काढणे आणि ओरडणे एवढेच त्याच्या हाती. संघ उद्या दुसऱ्या गावी गेला, तरी त्याला कोणी नोटीस देणार नाही. मॅनेजर बदलतो तो दिवस असा असतो, की संघ नेमका कोणाचा हा प्रश्न उघड्यावर येतो. त्या दिवशीची शिवी, टाळी किंवा मथळा म्हणजे त्या प्रश्नाला चाहत्याने दिलेले उत्तर. त्यामुळे पुढच्या वेळी एखाद्या नव्या मॅनेजरवर शहर तुटून पडल्याचे वाचले, तर त्याच्या आकड्यांकडे नंतर पाहावे. आधी तीन गोष्टी विचाराव्यात : त्याच्या आधी कोण होता, तो कसा गेला, आणि मालकाने याआधी किती वेळा असे केले आहे.